विकायच्या घरातली खाट

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट आहे. लोखंडी नळ्या वाकवून आणि त्यांवर नायलॉनच्या पट्ट्या विणून मला तयार केलं. "जन्मभर टिकेल!" असं दुकानदार म्हणाला होता. आता मी जरा कुरकुरते, पण तो माझा स्वभावच आहे.

एका रंगाऱ्याने मला विकत घेतलं. तो आणि त्याची बायको पडकी घरं घेतात, दुरुस्त करतात आणि नफ्याने विकतात. प्रत्येक घरात सर्वांत आधी मी येते.

"खाट टाकली की आपण इथले रहिवासी," रंगारी ऐटीत म्हणायचा, "आणि राहत्या घराच्या नफ्यावर कर नाही!" त्याचा साडू तसं सांगून गेला होता. तेव्हा मला फार मान होता.

तिसरं घर विकायला काढलं, तेव्हा मात्र बायकोला या सल्ल्याची खात्री वाटेना. तिने करसल्लागार बाईंना बोलावलं. त्या माझ्यावरच टेकल्या. आजूबाजूला सिमेंटच्या गोणी, भिंतीला ओली पुट्टी आणि स्वयंपाकघरात शेगडीचा पत्ता नाही.

"राहता म्हणे इथे?" त्यांनी विचारलं. "अहो, तुम्ही विकण्यासाठीच घर घेतलंत. हा धंदा झाला. सामान, मजुरी वजा करून उरलेल्या नफ्यावर कर लागणारच. आधीच्या दोन्ही घरांचाही राहिलाय."

"कोणी विचारलं तर इथेच राहतो म्हणून सांगू," रंगारी म्हणाला. एवढा कर भरला, तर स्वतःच्या घरासाठी साठवलेले पैसे जाणार होते. मलाही धडकी भरली. साक्षीला मलाच उभं करणार ना!

तेवढ्यात त्यांची छोटी मुलगी भेटायला आली. धुळीमुळे तिला आजीकडे ठेवलं होतं. माझ्यावर बसून तिने विचारलं, "आई, हे आपलं घर आहे?"

आईला हो म्हणवेना. "नाही गं बाळा. हे विकायचं आहे."

रंगाऱ्याने बिलांची पिशवी करसल्लागार बाईंपुढे ठेवली. मग म्हणाला, "बाई, काय होईल तो कर काढा. तिन्ही घरांचा."

घर विकलं, कर भरला. साठवलेलं बहुतेक संपलं. आता चौथ्या पडक्या घरात मी गंजत पडले आहे आणि मुलगी अजून आजीकडेच आहे.

मित्रांनो, कोणी मला भंगारात काढू लागलं तर अडवा. माझा गंज पुसा, सांध्यांना थोडं तेल द्या. ती मुलगी ज्या घरात कायमची राहायला येईल, तिथे मला एकदा उघडायचं आहे.