पहिलीच्या भिंतीपाशी

"चुकलं, बाई. तीन सक सतरा नाही, अठरा. रोज इथेच अडता तुम्ही!"

पहिलीच्या भिंतीपाशी चटईवर मांडी घालून बसलेल्या बाईंनी मान खाली घातली. समोर हाताची घडी घालून चौथीतली मुलगी उभी होती, शाळेतली एकुलती एक.

एका खोलीची शाळा. चार भिंतींना चार इयत्ता आणि मधोमध गरगर फिरणाऱ्या बाई. एकटीला सगळं झेपायचं नाही, म्हणून रीतच पडली होती: चौथीने पहिलीचे पाढे घ्यायचे. या एका मानासाठी मुलं चौथीची वाट पाहत. मग डांबरी रस्त्याला मोठी शाळा झाली, तिची बस गावात शिरू लागली. कानामागून आली आणि तिखट झाली. या पोरीची चौथी आली तेव्हा खालच्या इयत्तांत चिटपाखरूही उरलं नव्हतं. तिचा मान बुडू नये म्हणून बाईच पहिलीत बसल्या आणि रोज नेमाने चुकू लागल्या.

शिक्षण खात्याचे साहेब येऊन बजावून गेले होते, "एका खोलीत चार वर्ग म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एक तरी नवं मूल दाखवा, नाहीतर कुलूप." चिंध्या बाईंनी हसून सोडून दिल्या, कुलपाने मात्र झोप उडवली. नवरा गेल्यापासून त्यांचं बोलणं काय ते याच खोलीत व्हायचं.

पहिलीच्या वयाची गावात एकच होती, त्या बसच्या ड्रायव्हरची धाकटी. तिची आई बाईंचीच विद्यार्थिनी. संध्याकाळी बाई तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, बाई," ती म्हणाली. "म्हणाल तर उद्याच नाव घालते. फक्त एवढं सांगा, ही खेळेल कोणाशी?"

बाईंना मधली सुट्टी आठवली. चौथीतली मुलगी अंगणात चौकोन आखायची, एकटीच उड्या मारायची आणि रेघेवर पाय पडला की स्वतःलाच ओरडून सांगायची, "बाद!" काहीतरी थाप मारता आली असती. शाळा वाचली असती.

"बसच्या शाळेत घाल," बाई म्हणाल्या. "पण खिडकीशी बसवू नको हं, डोकं बाहेर काढेल."

परतताना त्यांना रडू आलं. वाटेत कोणी नव्हतं, मग कशाला आवरायचं?

शेवटच्या दिवशी बाई पुन्हा चटईवर बसल्या आणि तीनचा पाढा न चुकता म्हणून मोकळ्या झाल्या.

"आज नाही चुकलात?"

"आज शेवटचा दिवस ना गं. पास व्हायला नको?"

मुलीने दप्तर खांद्याला लावलं. दारात थबकली.

"बाई, तुम्ही मुद्दाम चुकायचात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला करमलं नसतं म्हणून."

बाईंनी उठून तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

"आता दुसरीत बसा," असं सांगून ती पळाली.

बाईंनी खोली झाडली, फळा पुसला, खिडक्या लावून घेतल्या. मग चटई उचलून दुसरीच्या भिंतीपाशी अंथरली आणि कुलूप-किल्ली मांडीवर घेऊन थोडा वेळ तिथे बसून राहिल्या.