वरच्या टाकीची चावी

मी वरच्या टाकीची चावी बोलतेय. खिशात मावणारी नव्हे हो. कमरेइतकी उंच, लोखंडी, डोक्यावर आडवी मूठ. लोहाराने मला घडवलं आणि पाणी सोडणाऱ्या अण्णांच्या हाती दिलं. त्याला एकवीस वर्षं झाली.

आमच्या गावाच्या मधून ओढा जातो. वरच्या गावाला विहिरी आहेत. पलीकडच्या खालच्या वस्तीला मात्र अलीकडच्या टेकाडावरच्या टाकीचाच आधार. रोज सकाळी अण्णा मला ओढ्याकाठच्या व्हॉल्व्हवर बसवायचे, तेरा वेळा फिरवायचे आणि मुठीला कान लावून उभे राहायचे. पाणी पलीकडे निघालं की माझं सगळं अंग गुणगुणायचं. "पोचलं लेकीकडे," असं ते पुटपुटायचे. त्यांची लेक खालच्या वस्तीत दिलेली होती.

मग शहर वाढत वाढत दाराशी आलं आणि खालची वस्ती शहरात घ्यायचं ठरलं. वस्ती हरखून गेली. रस्ता होणार, दिवे येणार. "बाबा, आता आम्ही शहरवाले. पाय पुसून आत या," लेक चिडवायची. वरचं गाव मात्र रुसून बसलं. सख्खा भाऊ वाटणी मागून निघाल्यासारखं त्यांना झालं होतं.

नव्या हद्दीवर हरकती मागवणारा कागद महिनाभर गावच्या कचेरीच्या दारावर चिकटवलेला होता. पण ते दार दिवसभर उघडं असतं, त्यामुळे कागदाचं तोंड भिंतीकडे. कुणी वाचलाच नाही.

ठरल्याप्रमाणे हद्द टाकीच्या मागून, टेकाडावरून जायची होती. म्हणजे टाकी वस्तीबरोबर गेली असती. मोजणीदार आला तो भर उन्हात. टेकाड बघूनच त्याचा चेहरा उतरला. अण्णांना त्याची दया आली. "साहेब, कशाला वर चढता? ओढाच धरा की हद्द." साहेबाला तेच हवं होतं. हातोडा आणायचा राहिला होता, म्हणून अण्णांनी मला उलटं धरून खुंट्या ठोकल्या. कागदावर साक्षीदार म्हणून सहीही केली. ओढा हद्द झाला की टाकी वरच्या गावाकडे राहते, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनी नव्हतं. मीही मुकाट ठोकत राहिले.

वरच्या गावाच्या पुढच्याच गावसभेत ठराव झाला. ज्यांना शहर हवं, त्यांनी शहराचं पाणी प्यावं. शहर म्हणालं, नळ पुढच्या आराखड्यात बघू. अण्णा कचेरीत हातापाया पडले. कारकुनाने फक्त मोजणीचा कागद त्यांच्याकडे फिरवला.

"अण्णा, सही तुमचीच ना?"

व्हॉल्व्ह बंद करायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं. पलीकडे लेक घागर घेऊन उभी होती. "बाबा, उद्या कधी सोडणार?" तिने विचारलं. अण्णांनी मला व्हॉल्व्हवर बसवलं. तेरा वेळा उलटं फिरवलं आणि सवयीने कान लावला.

आता मी कचेरीच्या त्याच दारामागे खिळ्याला टांगलेली आहे. हद्दी आखणाऱ्यांनो, ऊन असलं तरी एकदा वर चढून या, एवढंच मागणं.

अण्णा दर सोमवारी अर्ज घेऊन येतात. परवा कारकुनाला म्हणाले, "लेकीकडे गेलं की ती आधी तांब्या पुढे करते. दोन मैलांवरून आणलेलं पाणी. घशाखाली उतरत नाही हो." कारकून खाली बघून लिहीत राहिला. जाताना अण्णा दाराआड आले, वाकले आणि माझ्या मुठीला कान लावून उभे राहिले. मी गुणगुणायचा खूप प्रयत्न केला.