जहाजवालं नाणं

दर रविवारी सकाळी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत नाणी जमवणाऱ्या चौघा-पाचजणांची बैठक बसे. कुणी नवं नाणं आणलं असेल तर ते भिंगाखाली फिरे. नसेल तर चष्मेवाला मोबाइल काढून ऑनलाइन विकायला ठेवलेली नाणी वाचून दाखवी. खरं तर ही करमणूकच सगळ्यांना जास्त आवडे.

"ऐका. 'अतिदुर्मिळ, आजोबांच्या पेटीत सापडलं.' आणि राजाला मिशी एकाच बाजूला."

"दुसरी आजोबांनी उतरवली असेल," हेडसर म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं अजून वर्गात असल्यासारखंच होतं. "मागच्या आठवड्यातलं चांदीचं तर लोहचुंबकाला असं बिलगलं, जशी लेक माहेरी आली."

घड्याळजीही पोट धरून हसले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. खोट्या वस्तूला हसण्याचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटे.

"आता हे जहाजवालं बघा. शिडं कसली, वाळत घातलेले लेंगे. आणि कडेला साच्याची शिवण. शिंप्याकडून करून घेतलंय वाटतं." चष्मेवाल्याने हसत हसत खाली लिहूनही टाकलं, "हे जहाज पाण्यात सोडू नका, बुडेल." मग मोबाइल घड्याळजींकडे दिला.

घड्याळजींच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. नाण्याखाली निळ्या चौकटींचं मेणकापड होतं. कंपाउंडरच्या घरी त्या मेणकापडावर त्यांनी कितीतरी वेळा चहा प्यायला होता. शिडाखाली एक बारीक ओरखडा होता. नाणं खरं की खोटं हे पाहायला तो त्यांनीच स्क्रूड्रायव्हरने काढला होता, नऊ वर्षांपूर्वी. नाणं खोटं निघालं, तेव्हा त्यांनी ते कंपाउंडरच्या गळ्यात मारलं.

कंपाउंडर बैठकीत सगळ्यात नवा होता. त्याला नाण्यांतलं फारसं कळत नसे, पण रविवारी चार माणसांत बसायला मिळतं म्हणून तो येई. ते नाणं त्याने दोन्ही हातांत घेतलं होतं. तीन महिन्यांपूर्वी तो वारला.

दुपारी घड्याळजी त्याच्या घरी गेले. कंपाउंडरच्या बायकोने दार उघडलं. टेबलावर नाण्यांच्या पेटीचे खण मांडलेले होते.

"बसा भावजी. लेकीने सगळ्या नाण्यांचे फोटो टाकलेत. माणसं नुसती टिंगल करतात हो."

"वहिनी, ते जहाजवालं काढून टाका. खोटं आहे ते."

तिने खण आपल्याकडे ओढले. "यांनी तुमच्याकडून घेतलं तेव्हा खरं होतं. मी विकायला काढलं की खोटं झालं? स्वस्तात परत हवंय का तुम्हाला?"

मान डोलावून गप्प बसता आलं असतं. तिने लोभी म्हटलं असतं, लबाड म्हटलं नसतं.

"तेव्हाही खोटंच होतं," घड्याळजी म्हणाले. "मला ठाऊक होतं."

तिने सगळे खण त्यांच्यापुढे सरकवले. "मग बसा आणि निवडा. गहू निवडतात तसे."

दिवस कलेपर्यंत ते निवडत बसले. बाजूला काढलेलं प्रत्येक नाणं त्यांना ओळखीचं निघालं. हे हेडसरांनी दिलेलं, ही दोन चष्मेवाल्याची, असं ते तिला सांगत गेले. एकूण सात. म्हणजे आपण एकटेच नव्हतो, असं वाटून क्षणभर त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली.

"तुम्हा सगळ्यांत यांचा मित्र कोण होता, भावजी?" तिने विचारलं.

तिने ती सात नाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरली, गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. "तुमच्या लोकांचं तुमच्या लोकांना द्या."

पुढच्या रविवारी त्यांनी पिशवी खोलीतल्या टेबलावर रिकामी केली. "कंपाउंडरच्या घरून आणलीत," एवढंच म्हणाले. आपापलं नाणं ज्याने त्याने ओळखलं. कुणी भिंग उचललं नाही.

"जहाजवालं त्याचं होतं होय?" चष्मेवाला पुटपुटला. मग खांदे उडवून म्हणाला, "अहो, शिकताना प्रत्येकजण फसतो. आम्हीही फसलो."

"आणि तुम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे?" हेडसर म्हणाले.

"नाहीच," घड्याळजी म्हणाले.

तेवढ्यात चष्मेवाल्याच्या मोबाइलवर काहीतरी नवं आलं. त्याने डोळे बारीक करून वाचलं, हेडसरांना दाखवलं, आणि दोघं हळू आवाजात हसू लागले. घड्याळजींनी चपला घातल्या. 'बसा' असं कुणी म्हणालं नाही.

पुढे कंपाउंडरच्या बायकोने उरलेली नाणी परगावच्या कुणा व्यापाऱ्याला देऊन टाकली. एकदा भाजीच्या दुकानात ती घड्याळजींना दिसली. त्यांनी "वहिनी" म्हणून हाक मारली. तिला ती ऐकू गेली असावी, कारण तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पलीकडच्या रांगेत जाऊन उभी राहिली.