हमाल मजेत आहेत

टाकीतले जंतू कण्हत असले की टाकीवाल्याला बरं वाटायचं. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, औषधाच्या कारखान्यातलं त्याचं कामच तसं होतं. त्या जंतूंच्या पोटात माणसानं डीएनएचं एक जादा कडं घातलं होतं. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. त्या कड्यावरच्या हुकमाप्रमाणे ते बिचारे अहोरात्र एक औषध बनवत बसत. जंतूला त्या औषधाचा उपयोग शून्य. खायचं आपलं आणि राबायचं परक्यासाठी, मग अंगाला काय लागणार? एकाचे दोन व्हायला त्यांना तास लागायचा.

त्यांनी ओझं टाकून पळू नये म्हणून टाकीत अँटिबायोटिक घालत. त्यातून वाचायची युक्तीही त्याच कड्यावर लिहिलेली. ज्यानं कडं टाकलं तो मेला. बऱ्याच कचेऱ्यांत हाच नियम असतो, फक्त इतका स्वच्छ लिहिलेला नसतो.

टाकीवाल्याची थोरली बहीण त्याच औषधावर जगत होती. दर गुरुवारी एक इंजेक्शन. जंतूंना ती हमाल म्हणायची. भाऊ घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय रे, हमाल कसे आहेत?"

"कण्हतायत, ताई."

"कण्हू देत. कण्हणाराच काम करतो. तुझ्याकडे बघून कळतंच की."

मग दोघं जेवायला बसत.

त्या सोमवारी साहेब टाकीपाशी आले. "या खेपेला अँटिबायोटिक वगळू. शेवटी ते गाळून काढण्यातच चार दिवस जातात."

"पण साहेब, हे लोक ओझं टाकतील."

"तीन दिवसांत? इतके हुशार असते तर टाकीत कशाला आले असते?"

टाकीवाल्याच्या डोळ्यांपुढे घरचा फ्रिज आला. आत दोनच बाटल्या, म्हणजे दोन गुरुवार, उरल्या होत्या आणि महिनाभर दुकानात औषध नव्हतं. चार दिवस आधी मिळालं तर बरंच. त्यानं मान हलवली, सहीही केली.

मंगळवारी जंतू नेहमीसारखे रखडत वाढले. बुधवारी दुपारी टाकीतलं पाणी बघता बघता ताकासारखं दाट झालं. एकाचे दोन आता वीस मिनिटांत होत होते. साहेबांनी शेजारच्या खोलीतल्या माणसांनाही बोलावून काचेतून दाखवलं.

"बघितलंत? जरा मोकळं सोडलं की कशी कळी खुलते."

सगळे हसले. सहा वर्षांत हे जंतू इतके खूश टाकीवाल्यानं कधी पाहिले नव्हते.

त्यानं नमुना काढला आणि तपासणीच्या बाईंकडे नेला. बाईंनी तो दोन बशांवर पसरला. एक साधी, दुसरीत अँटिबायोटिक. गुरुवारी सकाळी त्यांनी दोन्ही त्याच्यापुढे ठेवल्या. साधी बशी जंतूंच्या ठिपक्यांनी भरून गेली होती. दुसरीवर तीन ठिपके.

"तब्येतीनं उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "फक्त कडं जवळजवळ कुणाकडेच नाही."

"औषध किती निघेल?"

"वासापुरतं."

"आणि खेप नव्यानं लावली तर?"

"गोठवून ठेवलेल्या मूळ जंतूंपासून सुरुवात. पाच आठवडे धरा."

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा ताईनं इंजेक्शनची बाटली फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवली होती. त्यानं हात धुतले. मग पुन्हा धुतले.

"काय रे, हमाल कसे आहेत?"

"मजेत आहेत."

"सगळे?"

"सगळेच. भराभर वाढतायत."

ताई सहा वर्षं ‘कण्हतायत’ हेच ऐकत आली होती, तिला शिकवायची गरज नव्हती.

"नवे यायला किती दिवस?"

"पाच आठवडे."

तिनं बाटलीवरचं दव बोटानं पुसलं आणि ती परत फ्रिजमध्ये दुसरीच्या शेजारी नेऊन ठेवली.

"आज काही तसं थकल्यासारखं वाटत नाही मला," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी बघू. चल, पानं घेते."

ती फ्रिजला धरून वळली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायला तिला मध्ये एकदा थांबावं लागलं.