आमच्या बाई

काकूंच्या नव्या गल्लीत कोणी पायी चालताना दिसलं, की तो माणूस तिथला रहिवासी नाही हे खुशाल समजावं. रहिवासी काळ्या काचांच्या गाडीतून येतात. फाटक आपोआप उघडतं, गाडी आत जाते, फाटक आपोआप मिटतं. कुंपणाची झाडं अशी कातरलेली, की एका पानाने मान वर काढली असेल तर शपथ. घर दाखवणाऱ्या एजंटाने "इथे शांतता आहे" हे इतक्या कौतुकाने सांगितलं, की काकूंच्या मुलाने तिथल्या तिथे होकार दिला. त्याच शांततेने आठ महिन्यांत काकूंना जीव नकोसा करून सोडला.

नाही म्हणायला गल्लीच्या वळणावर एक बाक होता. ‘ज्येष्ठ रहिवाशांसाठी’ अशी पितळी पाटी त्यावर ठोकलेली. एकही ज्येष्ठ रहिवासी त्यावर कधी टेकला नाही. दुपारी तीन ते चार तो बाक दोघांचा असायचा, चार नंबरातल्या ड्रायव्हरमामांचा आणि नऊ नंबरातल्या साफसफाईवालीचा. तिला सगळे तुफान म्हणत. ती तोंड उघडायची आणि का म्हणतात ते कळायचं.

काकू पहिल्यांदा तिथे बसल्या तेव्हा तुफानने विचारलं, "कितीत?"

"सातमध्ये."

"कसं आहे घर?"

"घर मोठं आहे हो. पण आमच्या बाई फार कडक."

इथेच सगळा घोळ झाला. काकूंनी तीस वर्षं एका शाळेचं कँटीन चालवलं होतं. हाताखालच्या प्रत्येकीला त्या ‘बाई’ म्हणायच्या आणि अहोजाहो करायच्या. त्यामुळे ‘आमच्या बाई’ म्हणजे मुलाने ठेवलेली स्वयंपाकीण, हॉटेलात शिकून आलेली, पांढऱ्या कोटातली. तुफानला मात्र ‘आमच्या बाई’ म्हणजे मालकीणबाई, दुसरं कोण असणार? समोर बसलेल्या म्हातारीची साडी साधी, मनगटावर तव्याचे जुने चटके. तुफानने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी "गावी जायला सुट्टी देतात का हो तुमच्या बाई?" असं तिने विचारलं, तेव्हा काकूंच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात ड्रायव्हरमामांनी सरकून जागा केली, मूठभर शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि आपल्या व्याह्याची तक्रार सुरू केली. काकूंनी तोंड मिटलं. खरं सांगितलं असतं तर दोघंही ताडकन उभे राहिले असते, "बसा ना मॅडम" म्हणाले असते आणि दुसऱ्या दिवसापासून बाकाकडे फिरकलेही नसते. आठ महिन्यांत काकूंना मिळालेला हा एकच तास. तो गमावायची त्यांची छाती होईना.

खोटं मात्र त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

"स्वयंपाकघरात मला उभंसुद्धा राहू देत नाहीत. काल कांदा चिरायला घेतला तर हातातली सुरी काढून घेतली."

"आणि जेवण?"

"वेळेवर देतात, चांगलं देतात. मी आपली टेबलाच्या टोकाला एकटी बसून जेवते."

तुफानचं डोकं फिरलं. "सोडा ते घर! मामांच्या चार नंबरात स्वयंपाकाला माणूस हवंय. मामा, सांगा की!"

"उद्याच भेटवतो," मामा म्हणाले.

"नको हो," काकू गडबडून म्हणाल्या. "मला नाही सोडता येणार."

"घाबरता तुम्ही. ठीक आहे. मी बघते काय करायचं ते."

तिने काय बघितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. सात नंबरच्या दारावरची घंटा वाजली, स्वयंपाकिणीने दार उघडलं. काकू जिन्यात होत्या. उंबऱ्यावर पदर खोचून उभी असलेली तुफान पाहून त्यांचे पाय तिथेच खिळले.

"बाई तुम्हीच ना?"

"बाई?" स्वयंपाकीण गोंधळली. "हो... मीच असेन."

"मग ऐका. काकूंना माणसासारखं वागवा. एवढ्या वयाची बाई, तिच्या हातातून सुरी ओढून घेता? शोभतं का तुम्हाला?"

स्वयंपाकिणीने मागे वळून पाहिलं. जिन्यात काकूंनी दोन्ही हात जोडले होते. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही गेलं.

"घेतली खरी," ती तुफानला म्हणाली. "त्यांचा हात कापेल म्हणून घेतली. अजून काय सांगतात त्या माझ्याबद्दल?"

"वाईट एक शब्द नाही. तुमच्या हाताला चव आहे म्हणतात. फक्त घरात दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलत नाही."

स्वयंपाकिणीने पुन्हा एकदा जिन्याकडे पाहिलं. "उद्यापासून भाजी त्याच चिरतील," ती म्हणाली.

"आणि तीन ते चार सुट्टी!"

"सुट्टी."

दार लागलं. काकू जिन्यातच बसल्या.

"मॅडम, मी बाई कधी झाले?"

"चुकून झालं हो," काकू रडवेल्या झाल्या. "मग निस्तरता येईना."

स्वयंपाकिणीने त्यांना हाताला धरून आत नेलं, भाजी चिरायची फळी समोर ठेवली आणि सुरी हातात दिली. काकूंनी दोन कांदे असे चिरले, की हॉटेलातली ती बाई बघतच राहिली.

तीनला काकू निघाल्या, तर ही कोट काढून मागोमाग. "मीही येते. मलाही इथे आठ महिने झाले. माझ्याशी तरी कोण बोलतंय?"

"अहो, पण तिथे तुम्ही मालकीण आहात!"

"असू दे. एक तास मालकीण."

तिला येताना पाहून मामा उठून उभे राहिले. तुफान उठली नाही, पण तिने जागा केली. चौघं दाटीवाटीने बसले. शेंगदाणे फिरले, व्याही पुन्हा निघाला. काकूंना वाटलं, निभावलं.

साडेतीनला वळणावर एक काळी गाडी आली आणि करकचून थांबली. काच खाली गेली.

"आई? तू इथे काय करतेस?"

बाकावर कोणी हललं नाही. तुफानने गाडीतल्या साहेबाकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग स्वयंपाकिणीकडे. स्वयंपाकिणीने हळूच होकाराची मान हलवली.

"बसलेय," काकू मुलाला म्हणाल्या. "तू हो पुढे." गाडी गेली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "मला इथून उठवू नका. मी खोटं नाही बोलले हो. या आमच्याकडे स्वयंपाकाला आहेत, यांनाच मी बाई म्हणते. फक्त खरं सांगायचं राहिलं."

"म्हणजे मी सकाळी स्वयंपाकिणीला दम भरला?"

"चांगला भरलात," स्वयंपाकीण म्हणाली.

तुफान बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या बाबतीत हे प्रथमच घडत होतं.

"मुलाचं घर ना?" शेवटी तिने विचारलं.

"हो."

"मग तुम्हाला तर नोकरीही सोडता येणार नाही. आमच्यापेक्षा बिकट आहे तुमचं." तिने कागदातले उरलेले शेंगदाणे काकूंच्या ओंजळीत ओतले. "रोज या. मामा, तुम्ही जरा सरका."