दगडाआडचा मासा

“अब्बा, याले प्रोजेक्टातून काढाच लागते आता. दगडामागून बाहेरच येत नाही मेला!”

नुजहत काचेच्या टाकीवर वाकून चरफडत होती. यवतमाळच्या कॉलेजात ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. धीट मासा जास्त शिकतो की भित्रा, हे तिला उद्या मॅडमना सांगायचं होतं. त्यासाठी तिनं घाटंजीतल्या बापाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात गप्पी मासे पाळले होते. त्यातल्या धिटाचं नाव सरपंच. टाकीत एक लाल आणि एक निळं झाकण होतं; लाल झाकणाखाली खाणं असतं हे त्या पठ्ठ्यानं लगेच ओळखलं. दगडाआडच्याचं नाव गरीब.

“राहू दे न व,” मुख्तार म्हणाला. “पाहून राह्यला तो. पाह्यल्याबिगर कसा येईन?”

बोलताना त्याला स्वतःचे वाइंडिंग शिकण्याचे दिवस आठवले. देवीलाल मिस्तरींच्या हाताखाली तो लागला, तेव्हा त्यांच्या दुकानाचा रिवाज असा, की नव्या माणसानं स्वतः पक्कड मागेपर्यंत त्याला काम द्यायचं नाही. बाकीचे पहिल्याच दिवशी मागत. मुख्तारनं अख्खा उन्हाळा भिंतीला चिकटून, नुसतं बघत काढला.

“या ठोंब्याले कायले पोसून राह्यले?” गिऱ्हाइकं हसत.

“मागंन तो,” मिस्तरी म्हणत आणि कामाला लागत. पाऊस लागता लागता मुख्तारनं पक्कड मागितलीच. त्यांच्या त्या धीरावरच मुख्तारचा संसार उभा राहिला, पोरगी कॉलेजात गेली. केवढे उपकार त्या माणसाचे!

नुजहतनं खाणं लाल झाकणाखालून काढून निळ्याखाली ठेवलं. सरपंच आपला लालवरच तोंड आपटत राहिला, हटायचं नाव नाही. बऱ्याच वेळानं गरीब बाहेर आला, सरपंचाला लालखाली काही मिळत नाही हे बघून निळ्याकडे वळला. तिनं पुन्हा निळ्याखालीच खाणं ठेवलं. सरपंच पुन्हा लालकडे. गरीब थेट निळ्याकडे!

“या अल्ला! अब्बा, पाह्यलं का? मी तं याले काढूनच टाकलं असतं!”

मुख्तारनं चपला अडकवल्या आणि तो तडक मिस्तरींच्या घरी गेला. थकलेले मिस्तरी दारातल्या खाटेवर पडून होते. मुख्तार समोर बसून खाटेची सुतळी चाचपत राहिला. मिस्तरींनी घाई केली नाही.

“उस्ताद,” शेवटी तो म्हणाला, “तुमी मले थांबू देलं. कधी बोललो नाही मी. लय मेहरबानी झाली तुमची.”

मिस्तरी हात टेकून उठून बसले.

“मीबी तुयासारखाच होतो रे,” ते म्हणाले. “मले कोनी थांबू नाई देलं. मार खाऊन शिकलो.”

मुख्तारनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.