सॅकमधला चोरकप्पा

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. रंग विटलेला, एक पट्टा दोनदा शिवलेला, पोटावर चिखलाचे आणि रक्ताचे न निघणारे डाग. डोंगरात शिकारीला जाणाऱ्यांच्या पाठीवर आयुष्य काढलेली मी एक जुनी सॅक आहे. सध्या अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेल गावात, एका गॅरेजमधल्या खिळ्यावर टांगलेली असते. चेन लावलेले सहा कप्पे म्हणजे माझी सहा तोंडं, पण बोलता एकालाही येत नाही. हे रडगाणं आधीच गाऊन घेते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

मॉन्टाना राज्यातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. शिकारीची सॅक ही कॉलेजात न्यायच्या सॅकसारखी नसते बरं का. माझ्या पाठीला ताठ सांगाडा आहे. पिशवी आणि सांगाडा यांच्यामध्ये जागा मोकळी करता येते आणि शिकार मिळाली की मांसाचा भार तिथे, माणसाच्या पाठीलगत बांधता येतो. सांगाड्यावर जाड गादी आहे, ती माणसाच्या पाठीला टेकते. ही गादी लक्षात ठेवा.

माझे पहिले मालक वॉल्टर. दुकानात लोक येत, रंग बघत, कप्पे मोजत आणि किंमत वाचून मला परत ठेवत. वॉल्टर आले आणि त्यांनी आधी स्वतःचीच पाठ मोजायला लावली, मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत, टेपने. मग माझ्यात वाळूच्या पिशव्या भरायला लावल्या आणि तासभर दुकानाचा जिना चढले-उतरले. दुकानदाराला जांभया यायला लागल्या. वॉल्टर मात्र घामाघूम होऊन म्हणाले की भार कमरेवर बसतोय, खांद्याला ओढ नाही, हीच द्या. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

एकोणीस वर्षं मी त्यांच्या पाठीवर होते. त्यांची शिस्त कडक होती. झोपायची बॅग तळाला, जड सामान पाठीला चिकटून मधोमध, कपडे बाहेरच्या अंगाला, डोक्यावरचा दिवा आणि लायटर वरच्या झाकणात. जीव वाचवणारी वस्तू कमरेच्या पट्ट्यावरच्या उजव्या खिशात, तिथेच आणि नेहमी तिथेच. अंधारात, पावसात, बोटं गारठलेली असतानाही ती पहिल्या झटक्यात हाताला लागली पाहिजे असं ते म्हणत. मग गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी एक हलकी सॅक घेतली आणि मला शेजारच्या घरात देऊन टाकलं.

शेजारी सिद्धेश राहायचा. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेला. वॉल्टरनी त्याला नेम धरायला शिकवलं, परीक्षा देऊन शिकारीचा परवाना काढायला लावला. माझा सांगाडा दोन बोटं खाली सरकवून त्याच्या पाठीला बसवला. त्याची बायको निधी हिला हे खूळ मुळीच पटलं नव्हतं. तिने एका अटीवर होकार दिला. तिने एक नारिंगी यंत्र आणलं, तळहाताएवढं. जिथे फोन चालत नाही तिथून ते थेट उपग्रहावरून निरोप पाठवतं आणि त्याचं लाल बटण दाबलं की सुटका करणारं पथक हेलिकॉप्टर घेऊन येतं. ते नेलंस तरच जायचं, असं तिने बजावलं. वॉल्टरनी ते माझ्या उजव्या खिशात ठेवलं आणि सिद्धेशला डोळे मिटून वीस वेळा काढायला लावलं.

आता घरातल्या चौथ्या माणसाबद्दल सांगते. तिसरी म्हणजे सिद्धेशची दहा वर्षांची मुलगी अंतरा. चौथे सिद्धेशचे वडील, मनोहरकाका. सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते आणि पंधरा दिवसांतच कंटाळून गेले होते. गाडी चालवता येत नाही, नात इंग्रजीत उत्तरं देते, टीव्हीवरचं काही कळत नाही. कुंपणापलीकडच्या वॉल्टरशी तेवढं त्यांचं जमलं. वॉल्टर टोमॅटो द्यायचे, काका लिंबाचं लोणचं द्यायचे आणि काकांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघं आपापल्या गुडघ्यांविषयी तासन् तास बोलायचे.

काकांनी तीस वर्षं औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी केली होती. बॅग भरावी तर त्यांनीच, असं घरात सगळे म्हणत. एकदा अकोल्याच्या स्टँडवर त्यांचं पाकीट मारलं गेलं, तेव्हापासून प्रत्येक बॅगेत ते स्वतःच्या हाताने एक चोरकप्पा शिवत. किमती वस्तू त्यात. सिद्धेशच्या शाळेच्या दप्तरालासुद्धा असा कप्पा होता. इथे मात्र त्यांना कोणी काही काम सांगत नव्हतं. मटण खायला एवढा डोंगर कशाला चढायचा, दुकानात मिळतं की, असं ते दोनदा म्हणाले आणि मग मुलाच्या काळजीने गप्प झाले.

निघायच्या आदल्या दुपारी घरात कोणी नव्हतं. काका सुई-दोरा घेऊन गॅरेजमध्ये आले. कमरेच्या खिशातून त्यांनी ते नारिंगी यंत्र काढलं, उलटंसुलटं केलं आणि स्वतःशीच पुटपुटले की एवढी महागाची वस्तू आणि ठेवलीय बाहेरच्या खिशात, कुठे झुडपात अडकून पडली म्हणजे? त्यांनी माझी पाठीची गादी सोडवली, तिच्या आतल्या अंगाला कापडाचा कप्पा शिवला, यंत्र त्यात ठेवलं आणि गादी पुन्हा बसवली. टाके इतके बारीक की बोटालाही लागू नयेत. मग रिकाम्या खिशात त्यांनी एक डबी सरकवली, आल्याच्या वड्यांची. चढताना मुलाला खोकला येतो, म्हणून त्यांनी त्या सकाळीच केल्या होत्या.

मित्रांनो, काय चाललंय ते मला कळत होतं. पण मी काय करणार? प्रेमाने शिवणारा हात झटकून टाकता येत नाही, आणि मला तर कुठलाच हात झटकता येत नाही.

काकांनी लपवाछपवी केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पहाटे सिद्धेश मला गाडीत टाकत होता तेव्हा ते स्वेटर घालून बाहेर आले आणि म्हणाले, “तुझं ते यंत्र मी नीट आत ठेवलंय रे, गादीच्या मागे कप्पा केलाय.” सिद्धेश फोनवर रस्ता लावत होता. “हो हो बाबा, थँक यू, तुम्ही झोपा आता,” असं म्हणून त्याने माझा उजवा खिसा वरून चाचपला. आत काहीतरी कडक लागलं, त्याचं समाधान झालं आणि गाडी सुटली.

हे सगळं २०१९च्या सप्टेंबरातलं. हरणांच्या शिकारीचे ते पहिले दिवस होते आणि सिद्धेश आणि वॉल्टर अशा दोघांनाच कॅस्केड पर्वतात खूप वर चढून जायचं होतं. पहिल्या तासाभरातच सिद्धेशला पाठीत काहीतरी टोचू लागलं. मी मुद्दाम टोचत होते म्हणा, किंवा यंत्राचा कोपराच तसा होता म्हणा, पण मला आशा वाटली. थांब बाबा, गादी सोडव, एवढंच मला सांगायचं होतं. तो थांबलाही. वॉल्टर म्हणाले की सांगाडा अजून पाठीला बसला नसेल. सिद्धेशने शर्टाची घडी करून टोचत होतं तिथे लावली आणि पुढे चालू लागला. नंतर त्याला काही टोचलं नाही.

घरी पहिला निरोप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वरच्या तळावरून पाठवायचा असं ठरलं होतं. ती संध्याकाळ व्हायच्या आधीच, एका दगडाळ उतारावर, वॉल्टरच्या पायाखालचा भलामोठा दगड निसटला. ते दगडांबरोबर घरंगळत गेले आणि थांबले तेव्हा त्यांची मांडी भलत्याच ठिकाणी वाकलेली होती.

सिद्धेश त्यांच्याजवळ पोहोचला आणि त्याचा हात, शिकवल्याप्रमाणे, पहिल्या झटक्यात उजव्या खिशात गेला. हातात आल्याच्या वड्यांची डबी आली. त्याने ती उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली. मग सहाही कप्पे उघडले. कपडे, दोरी, सुऱ्या, मांस भरायच्या कापडी पिशव्या, सगळं दगडांवर पसरलं. मला उलटी करून झटकलं. माझ्या अस्तरात हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. दोनदा त्याची बोटं गादीवरून गेली, पण बाहेरून, आणि मध्ये त्याच्याच शर्टाची घडी होती. यंत्र तिथेच होतं. त्याच्या बोटांपासून दोन इंचांवर होतं. मी जन्मभर ओझी वाहिली, पण इतकी जड मी कधीच झाले नव्हते.

“मी घेतलं होतं, वॉल्ट, आय स्वेअर, मी चेक केलं होतं,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.  वॉल्टरनीच त्याला शांत केलं. आता शोधत बसू नकोस, रिकाम्या हातांनी उतर, गाडीपाशी गेलास की रस्त्यावर कोणीतरी भेटेल, असं त्यांनी समजावलं. सिद्धेशने त्यांचा पाय बांधला, दोन्ही झोपायच्या बॅगा त्यांच्या अंगावर घातल्या, वरून ताडपत्री ओढली. हाताशी पाणी, डबी आणि शिट्टी ठेवली आणि उशाला मला दिलं. मग तो धावत सुटला. गाडी चौदा मैलांवर होती.

रात्री बर्फ पडलं. वॉल्टर ठराविक वेळाने तीनदा शिट्टी वाजवत होते. मधूनच एखादी आल्याची वडी तोंडात टाकत आणि मनोहरने ही आपल्याला शिकवलीच पाहिजे असं काहीतरी बोलत. त्यांची मान बरोबर त्या कप्प्यावर होती. एकदा त्यांनी डोकं हलवलं, खाली काही कडक लागलं असावं. मला वाटलं, आता तरी उठतील, चाचपतील. पण उठणार कसे? त्यांनी मान थोडी बाजूला घेतली आणि पुन्हा शिट्टी वाजवली. शेवटची शिट्टी उजाडायच्या जरा आधी वाजली. हेलिकॉप्टर आलं तेव्हा ऊन पडलं होतं.

आठवड्याने कोणीतरी मला घरी आणून दिलं. सिद्धेश मला धुवायला बसला. पाण्याचा पाइप लावण्यासाठी त्याने गादी सोडवली आणि ते बारीक टाके त्याला दिसले. टाके कोणाचे ते त्याला विचारावं लागलं नाही. तो गॅरेजच्या ओल्या फरशीवर तसाच बसून राहिला. निधी आली, तिने पाहिलं आणि तीही त्याच्या शेजारी बसली.  मग ती म्हणाली, “बाबांना नको सांगूस. ते हे घेऊन जगू नाही शकणार.” यंत्र का चाललं नाही असं काकांनी विचारलं तेव्हा सिद्धेशने बॅटरी डाउन झाली होती असं सांगितलं. काका हळहळले. एवढ्या महागाची वस्तू ऐनवेळी दगा देते म्हणजे काय, म्हणाले. वॉल्टरच्या घरी दुखवट्याच्या दिवसांत त्यांनी स्वतः पोळी-भाजीचे डबे पोचवले.

खोटं बोलून सिद्धेशने वडिलांना वाचवलं असं मलाही वाटलं. ऑक्टोबर महिना लागला. अंतराच्या शाळेची तीन दिवसांची सहल जंगलातल्या एका शिबिराला निघाली होती. एका दुपारी काका तिची नवी बॅग आणि सुई-दोरा घेऊन गॅरेजमध्ये आले. त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं आणि माझ्या कप्प्याचं माप घेऊन तसाच कप्पा त्या बॅगेत शिवायला सुरुवात केली. शेजारी तिचा दम्याचा पंप ठेवला होता. त्या वेळी मी जशी घाबरले तशी त्या डोंगरावरही घाबरले नव्हते. टाके पडत होते आणि मी नुसती बघत होते.

सिद्धेश ऑफिसातून लवकर आला, हे नशीब. दारातच थबकून त्याने विचारलं, “काय करताय, बाबा?”

“पंपासाठी कप्पा करतोय. मुलं धसमुसळी असतात, बाहेरच्या खिशातून पडायचा. तिला सांगतो ना मी, कुठे ठेवलाय ते.”

सिद्धेश खाली बसला. त्याने वडिलांचा सुई धरलेला हात हातात घेतला. तो काय सांगणार आहे हे मला कळलं आणि त्याने ते सांगावं, अगदी आत्ता सांगावं, असं मला मनापासून वाटलं.

“मलाही सांगितलं होतंत, बाबा. मी ऐकलं नव्हतं.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या गादीमागच्या रिकाम्या कप्प्यात त्यांनी बोटं घातली. “म्हणजे ती बॅटरी...”

“चांगली होती.”

 काकांनी ब्लेड घेतलं आणि ते अंतराच्या बॅगेचे टाके एकेक करून उसवायला लागले. ते झाल्यावर माझे. सिद्धेश मदतीला पुढे झाला, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटचा दोरा ओढून काढेपर्यंत बाहेर दिवे लागले होते.

मग त्यांनी विचारलं, “वॉल्टर किती वेळ जिवंत होते रे?”

“माहीत नाही, बाबा,” सिद्धेश म्हणाला. “कोणालाच माहीत नाही.”

मित्रांनो, मला माहीत आहे. ती रात्र मला सबंध पाठ आहे. त्यांना कोणाचा राग आला नव्हता आणि मनोहरकाकांचं नाव त्यांनी हसून घेतलं होतं, एवढं जरी मला सांगता आलं असतं तरी त्या दोघांची छाती हलकी झाली असती. मी त्यांच्यामध्ये उसवलेली पडून राहिले. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याच्या सॅकमधली वस्तू कितीही मायेने हलवलीत, तरी ती त्याच्या हातात देऊन दाखवा. आणि घरातलं वडीलधारं माणूस निघता निघता काही सांगत असेल, तर फोन खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे बघा. ते काय म्हणालं हे तुम्हाला ऐकवायला माझ्यासारखी सॅक मागाहून येणार नाही.